पन्नासच्या अलीकडे

पैज लागली ती डॉमिनो खेळताना, आणि त्या डॉमिनोत एक सोंगटी कमी होती. पाच-पाच. ती कुठं गेली हे सगळ्या आवारात फक्त मला माहीत होतं, कारण थंडी सुरू व्हायच्या आधीच मी ती माझ्या कोटाच्या खिशाला भोक पाडून अस्तरात ढकलून दिली होती. का, तर काही नाही. शारशेन नेहमी पाच-पाचवर जिंकतो आणि जिंकला की बोकडासारखा हसतो, एवढंच. आता त्या जागी तो कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा वापरायचा, वर खिळ्यानं दहा ठिपके कोरलेला. बर्फ भुरभुरलं की साबणाला फेस यायचा. शारशेन हात पुसत सगळ्या जगाला शिव्या घालायचा, आणि मी त्याच्याहून मोठ्यानं घालायचो.

"असली हरामखोरी करतं तरी कोण रे? हात झडतील त्याचे!"

शारशेन काराकोलच्या बाजारापासून तळ्याच्या धक्क्यापर्यंत मिनीबस चालवतो. माझं हमामाच्या मागं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमची दारं समोरासमोर, त्यामुळं भांडायला जिना उतरावा लागत नाही.

त्या दिवशी बुरुल-आपा तळमजल्याच्या दारात आली, काठी टेकून उभी राहिली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "मेलिसचा मेल आलाय."

"आला का? छान, छान," आम्ही रोजच्यासारखं म्हटलं. ती आत गेली. मग कुणीच सोंगटी उचलेना.

"तू म्हणे कम्प्युटरचा मुल्ला," शारशेन हळू आवाजात म्हणाला. "मग तिच्या पडद्यावरचा तो मेल खाली का येत नाही?"

"मनात आणलं तर चहा निवायच्या आत आणीन."

"जमणार नाही तुला."

"लाव पैज!"

"लावली. पण पुसून टाकायचा नाही हां. पुसायला काय, माझी घोडीसुद्धा शेपटीनं पुसेल. नुसता खाली आणायचा, बाकीच्यांच्या रांगेत. नूरूझच्या सकाळपर्यंत. आणलास तर मी गुलसुनचा लाल झगा घालून, डोक्यावर ओढणी घेऊन, आशलान-फूच्या गल्लीत थंड शेवया विकणाऱ्या एकेका म्हातारीला नव्या नवरीसारखा वाकून सलाम करीन. तीन तीनदा. नाही आणलास तर तू."

वरच्या खिडकीतून त्याची बायको ओरडली, "झगा उसवलात तर दोघांनाही उसवीन!"

आम्ही हसलो. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, कारण एवढी सोपी पैज मला जन्मात मिळाली नव्हती.

सोपी का, ते सांगतो. आमच्या भागातली अर्धी पोरं रशियात कामाला. बारा-पंधरा वर्षांपूर्वी मी इथल्या म्हाताऱ्यांसाठी मेल वाचायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. अक्षरं बोराएवढी, बटणं दोनच, नवा मेल सगळ्यात वर. म्हाताऱ्या खूश. बुरुल-आपाचा मेलिस मासे पकडायच्या जहाजावर गेला होता, पार पूर्वेला. ज्या देशाला समुद्रच नाही तिथला खलाशी! आम्ही त्याला काय काय चिडवलं. त्याच्या जहाजावरचा मेलचा प्रोग्राम शारशेनच्या मिनीबसपेक्षाही म्हातारा होता. सालाचे चार आकडे लिहायचा त्याला कंटाळा. शेवटचे दोनच लिहायचा. दहा. अकरा. बारा.

आता दहा म्हणजे कुठलं दहा? वाचणाऱ्या प्रोग्रामला ते ठरवावं लागतं. त्यासाठी साऱ्या जगाच्या मेलवाल्यांनी एक रेघ आखून ठेवलीय. पन्नासच्या अलीकडचे आकडे या शतकातले. पन्नास आणि त्यापुढचे गेलेल्या शतकातले. मीही माझ्या प्रोग्रामात तीच रेघ घातली, खास मेलिसच्या मेलसाठी. एक ओळ. तिच्याकडं नंतर कधी बघावंही लागलं नाही.

मेलिस आणि मी एकाच वर्षाचे, सापाच्या सालातले; आमच्याकडं बारा सालांना बारा जनावरांची नावं. एकाच पाळण्यात झोपलो, एकाच भिंतीवरून जर्दाळू चोरले. त्याचं जहाज तेरा साली शरद ऋतूत बंदरातून निघालं आणि परत आलं नाही. जहाजही नाही, माणसंही नाहीत.

त्याची आई कधी रडली नाही. हे कुणा दुसऱ्या आईबद्दल सांगितलं असतं तर चाललं असतं. पण बुरुल-आपा म्हणजे सगळ्या जिल्ह्यातली विलाप गाणारी बाई. कुणी गेलं की आमच्याकडं बायका तंबूत बसून कोशोक गातात, गेलेल्याला नावानं हाका मारत, त्याचा घोडा, त्याची टोपी, त्याचं हसू सगळं आठवत. बुरुल-आपानं परक्यांसाठी गायलेला कोशोक ऐकून दगडासारखी माणसं रस्त्यात खाली बसलेली मी पाहिली आहेत. स्वतःच्या मुलासाठी तिनं एक ओळ गायली नाही. "आधी मला दाखवा," म्हणाली. दाखवणार काय? समुद्र?

आणि या वर्षी, बर्फ अजून खिडकीपर्यंत असताना, तिच्या पडद्यावर मेलिसचा मेल आला.

'आई, मी ठीक आहे. इथं थंडी आहे. तुझा मेलिस.'

पत्ता जहाजाचा. तारीख एकवीस मार्च, म्हणजे नूरूझ, आमच्या नव्या सालाचा दिवस. साल एकोणपन्नास.

मी खांदे उडवले होते. असं होतं. कुठल्या तरी बंदरातल्या जुन्या यंत्रात एखादा मेल वर्षानुवर्षं अडकून पडतो, कुणीतरी यंत्र चालू करतं, मेल सुटतो. यंत्राचं घड्याळ वेडं झालेलं असतं, म्हणून तारीख भलतीच. रेघेच्या हिशेबानं एकोणपन्नास म्हणजे दोन हजार एकोणपन्नास, म्हणून तो सगळ्यांच्या वर जाऊन बसलेला. बाकीचे मेल येत आणि त्याच्याखाली शिरत. वरचा मेल म्हणजे आजचा, एवढं मीच तिला शिकवलेलं. म्हणून ती रोज सकाळी दारात येऊन सांगायची.

पैजेच्या दुसऱ्या दिवशी तिची मुलगी नूरझात माझ्या दुकानात आली. शाळेत गणित शिकवते. कधी काही मागायला येत नाही.

"कुबान-अके, पैजेचं ऐकलं मी."

"अगं, ती आपली गंमत..."

"गंमत असू दे. पण आणा तो खाली." ती उभीच होती. "कबरीचा दगड तयार आहे. कोळशाच्या खोलीत घोंगडीखाली ठेवलाय. त्याचा चेहरा कोरून झालाय, जन्मसाल कोरून झालंय, पुढची रेघही. रेघेनंतरचा आकडा आईनं सांगितल्याशिवाय पाथरवट कोरायला तयार नाही. यंदा ती कबूल होत आली होती. तेवढ्यात हा आला."

"तिला बरं वाटत असेल तर राहू दे की."

"डॉक्टर म्हणतात, हे हृदय पुढचा हिवाळा बघणार नाही." तिनं माझ्या टेबलावरचा एक स्क्रू उचलला आणि परत ठेवला. "ती त्याच्यासाठी न गाता गेली, तर त्याच्यासाठी कुणीच गाणार नाही. मला येत नाही हो ते. मला गणित येतं."

मी त्याच दिवशी गेलो. आपाच्या खोलीत भट्टीवर बोरसोक, कणकेचे गोळे, तळून ठेवले होते, खिडकीत कम्प्युटर, त्याच्यावर भरतकाम केलेलं फडकं. मी ती ओळ उघडली, पन्नासची रेघ चाळीसवर आणली, आणि एकोणपन्नास सटकन् घसरलं. सगळ्या मेलच्या खाली, तळाला. एकोणीसशे एकोणपन्नास.

"झालं," मी म्हटलं.

आपानं पडद्याकडं पाहिलं. वर नूरझातच्या शाळेची कुठलीशी सूचना होती. ती बराच वेळ ती सूचनाच बघत बसली. मग मला बोरसोक दिले, रुमालात बांधून. मी जिन्यातूनच शारशेनला ओरडलो, "झग्याला इस्त्री करून ठेव रे, नवरीबाई!"

सकाळी ती काठी टेकून दारात आली. "मेलिसचा मेल आलाय."

मी तोंडातला चहा गिळला आणि तिच्यामागं आत गेलो.

'आई, मी ठीक आहे. इथं थंडी आहे. बूट भिजलेत. तुझा मेलिस.'

एकवीस मार्च. साल सदतीस. नव्या रेघेच्या बरोबर अलीकडं.

मी आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्यात, त्यामुळं खोडी दिसली की मला आधी तिच्यामागचा माणूस दिसतो. मी सरळ शारशेनच्या घरात घुसलो.

"म्हातारीच्या जिवाशी खेळतोस?"

"काय झालं?"

"नाटक करू नको. कुणाकडून करवून घेतलंस? तुझ्या भाच्याकडून?"

त्यानं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पडत पडत कणकेसारखा झाला. मग त्यानं टेबलावरचा नान उचलला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मी असेन तर हा नान मला मारो." शारशेन तेलाबद्दल खोटं बोलतो, भाड्याबद्दल बोलतो, बायकोशी तर रोज बोलतो. पण नान हातात घेऊन आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही. गुलसुन दारात उभी होती. तिनं तो नान त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि कपाळाला लावला.

मी परत गेलो आणि मेल उसवून पाहिला. कुठलाही मेल ज्या ज्या यंत्रातून जातो, तिथला तिथला शिक्का त्याच्या पोटात बसतो, पाकिटावर पोस्टाचे बसायचे तसा. या मेलच्या पोटात एकही शिक्का नव्हता. तो कुठून आलाच नव्हता. नुसती तारीख होती, आणि खाली ते शब्द.

मी रेघ तीसवर आणली. सदतीसही खाली गेलं. उठताना इंटरनेटची वायर भिंतीतून काढली आणि खिशात टाकली.

आपा माझ्या मागंच उभी होती. तिला आकडे वाचता येतात. अक्षरांपेक्षा बरे येतात.

"कुठं गेला?"

"खाली, आपा. जुन्यांत."

"एकोणीसशे सदतीस," तिनं वाचलं. हे साल आमच्याकडं कुणी मोठ्यानं म्हणत नाही. तिच्या आजोबांना त्याच साली सरकारी धरपकडीत गाडीत घालून नेलं होतं, टोपीसुद्धा घेऊ दिली नव्हती. "तिथं कशाला पाठवलंस रे त्याला? तिथून कुणीच परत आलं नाही."

मी खिशातली वायर आणखी आत ढकलली.  

दुसऱ्या सकाळी मी तिची वाट बघत अंगणात उभा होतो. दार उघडलं. ती या वेळी मोठ्यानं काही म्हणाली नाही. फक्त बोटानं मला बोलावलं.

वायर माझ्या खिशात होती. चालताना मी हात घालून चाचपली.

'आई, आता बूट नकोत. अंगावर काही नाही. कुबानचा कोट चालेल. तुझा मेलिस.'

एकवीस मार्च. साल पंचवीस.

म्हणजे हेच साल. म्हणजे येणारा नूरूझ, दोन आठवड्यांवर आलेला.

मी खुर्चीत बसलो. बोटं सवयीनं त्या ओळीवर गेली. रेघ वीसवर आणायची, की हाही पडेल, एकोणीसशे पंचवीसमध्ये. पैज जिंकेन. नूरझातचं मागणंही पुरं करीन.

आपानं माझ्या हातावर हात ठेवला. सुकलेल्या जर्दाळूसारखा हात.

"एकोणपन्नास, सदतीस, पंचवीस," ती म्हणाली. "तुला दिसत नाही का? पायऱ्या आहेत. बारा बारा वर्षांच्या. सगळी सापाची सालं. तो मुचल मोजतोय."

मुचल म्हणजे आमचं वय मोजायचं माप. बारा वर्षांनी आपल्या जन्माचं जनावर परत येतं. तेरावं, पंचविसावं, सदतिसावं, एकोणपन्नासावं. ते वर्ष वाईट. त्या वर्षी अंगावरचं वस्त्र दुसऱ्याला देऊन टाकायचं, म्हणजे संकट त्याच्यातून निघून जातं. मी असल्या गोष्टींना हसतो.

"गेला तेव्हा त्याचं सदतिसावं होतं," आपा म्हणाली. "मी म्हटलं, कोट देऊन जा कुणाला तरी. तर म्हणाला, आई, समुद्रावर थंडी असते." तिनं ओढणीच्या टोकानं पडदा पुसला, जणू त्याचंच तोंड. "यंदा तुझं एकोणपन्नासावं आहे. दिलंस काही?"

"नाही."

"पुढची पायरी तेरा. त्या सालात तो गेला. तिथं पोचला की तो आपल्या जागी बसेल, मग वर यायचा नाही. मला कळतं सगळं. नूरझातला वाटतं मला कळत नाही. पण त्याला थंडी वाजतेय. एवढं होऊ दे. आता नको पाडूस त्याला."

मी ओळ तशीच बंद केली. रेघ तीसवरच राहिली.

शारशेननं त्या दिवशी मिनीबसमध्ये दुसरं कुणी घेतलं नाही. पुढं आपा, मागं मी, आणि माझ्या मांडीवर घडी घातलेला माझाच कोट. कोट चांगला होता, आत मेंढीची लोकर, गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात बाजारातून घेतलेला. वाटेत एकदा शारशेन म्हणाला, "पैज मोडू या का रे?" मी म्हटलं, "घाबरलास?" त्यावर तोही हसला नाही, मीही नाही.

इसिक-कुल तळं हिवाळ्यातही गोठत नाही. धक्क्यावर कुणी नव्हतं. पाणी काळंनिळं, पलीकडचे डोंगर पांढरे, आणि गंजलेल्या क्रेनवर एक कावळा.

"आपा," मी म्हटलं, "या तळ्यात नद्या येतात. बाहेर एकही जात नाही. इथलं पाणी समुद्राला मिळत नाही."

"मेल कुठल्या वाटेनं आला?"

मी कोट तिच्या हातात दिला.

तिनं कोटाच्या बाह्या आत दुमडल्या, लहान पोराला कपडे घालण्याआधी आई दुमडते तशा. बटणं लावली. कॉलर झटकली. मग धक्क्याच्या टोकाला बसली आणि कोट हातांवर घेऊन पाण्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. तो थोडा वेळ पाठ फुगवून तरंगला. मग बाह्या पसरल्या आणि तो सावकाश खाली गेला.

तेव्हा मला एकदम आठवलं. पाच-पाच. अस्तरात. खिसे मी रिकामे केले होते, अस्तर विसरलो होतो. तोंड उघडलं आणि मिटलं. शारशेन माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं मला कोटामागोमाग ढकललं असतं.

त्यानंतर रोज सकाळी मी आपाकडं जायचो. वायर परत लावून दिली होती. पंचवीसचा मेल वर बसलेलाच. त्याखाली बाकीचे येत. आपा दारात येऊन सांगायची नाही आता. नुसती त्याच्यासमोर बसून लोकर पिंजायची. नूरझात माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदा जिन्यात भेटली तर म्हणाली, "तुम्हालाही तो तिथंच हवा आहे, कुबान-अके."  खरं होतं ते.

नूरूझ उजाडला. सकाळी मेल वरच होता. शारशेनला पुरावा बघायला बोलावलं, त्यानं मान हलवली.

"राहू दे रे," तो म्हणाला. "मी मागत नाहीये."

"हरलोय मी. झगा काढ."

गुलसुननं मला स्वतः नटवलं. झग्यात माझ्यासारखे दोन मावले असते. डोक्यावर पांढरी ओढणी, गालाला बिटाचा रंग. बाजाराच्या तोंडाशी मी पोचलो तर अर्धं काराकोल जमलेलं. सुमोलोकच्या, नूरूझच्या गव्हाच्या खिरीच्या, कढया रटरटत होत्या, पोरं खांबांवर चढली होती. आशलान-फूच्या गल्लीत दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या वाडगे सोडून उभ्या राहिलेल्या.

मी हात गुडघ्याशी जोडून पहिलीपुढं वाकलो. एकदा, दोनदा, तीनदा.

"वंश वाढो तुझा!" ती किंचाळली. "पण मिशा काढ गं बाई, नवरा घाबरेल!"

दुसरी म्हणाली, "कंबर बघा हिची! हिच्यासाठी घोडे किती मागितले?"

"फुकट दिलीय!" शारशेन मागून ओरडला. "परत घेणार नाही!"

गल्ली हसून हसून लोळत होती. मी लाजत होतो, ओढणी दातांत धरत होतो, एकीच्या वाडग्यातून शेवया पळवल्या आणि पाठीत धपाटा खाल्ला. अंगावर कोट नव्हता. वारा डोंगरावरून थेट येत होता. तरी मला थंडी वाजत नव्हती.

गल्लीच्या शेवटी बाकावर बुरुल-आपा बसली होती. शेजारी नूरझात, हातात फोन, त्यात आईचे मेल. शारशेननं नान हातात घेतला त्या दिवशी त्याचा चेहरा झाला होता, तसाच आता नूरझातचा झाला होता.

मी आपापुढं वाकलो. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाकायच्या आत ती म्हणाली, "थांब. वाच आधी."

"सकाळपासून शुभेच्छांचे मेल येतायत," नूरझात म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "त्यांच्याखाली तो गेला. पंचवीसचा. आपोआप गेला. मग आई म्हणाली, खाली जा. तेरा सालात बघ."

तेरा सालातले मेलिसचे मेल आपाला पाठ आहेत. मलाही. मासे, बर्फ, कप्तानाच्या शिव्या, पगार झाला की पाठवतो. त्यांच्या मधोमध, तो जिवंत असतानाच्या दिवसांत, एकवीस मार्चचा एक मेल होता. तो आम्ही कुणी कधी वाचलेला नव्हता.

'आई, कोट मिळाला. आता थंडी नाही. अस्तरात पाच-पाच सापडली, शारशेनला सांग कुबानकडंच होती. कुबानला म्हणावं, आता निवांत पन्नासचा हो. तुझा मेलिस.'

मी दोनदा वाचलं.

आपा उठली. काठी बाकाला टेकवली. दोन्ही हात कमरेवर ठेवले, बायका तंबूत ठेवतात तसे, तोंड डोंगराकडं केलं. आधी नुसता श्वास आला. मग सूर.

माझ्या समुद्रावरच्या पाखरा. माझ्या लोकरीच्या कोटातल्या लेकरा.

हसणारे थांबले. कढईतली पळी थांबली. खांबांवरची पोरं एकेक करून खाली उतरली. नूरझातनं आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि तिचे ओठ हलायला लागले, ओळीमागून ओळ, न येणाऱ्या गाण्याच्या मागं मागं.

शारशेन पुढं आला. मी त्याला फोन दिला. त्यानं वाचलं, ओठ हलवत, बोट फिरवत. मग खिशात हात घातला. साबणाचा तो तुकडा बाहेर काढला, दहा ठिपक्यांचा, आणि त्याच्याकडं बघत राहिला.

"तुझ्याकडं होती," तो म्हणाला.

"हो."

"कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणालाच नाही."

त्यानं पुन्हा फोनकडं पाहिलं. वरच्या ओळीकडं, तारखेकडं. "हे तेराचं आहे, कुबान. तो कोट तू घेतलास कधी?"

गल्लीच्या टोकाला अजून दोन म्हाताऱ्या उरल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, ओढणीचं टोक डोळ्यांना लावून उभ्या होत्या. पैज ती पैज. मी ओढणी नीट केली, त्यांच्यापुढं गेलो आणि वाकलो.